थंडीत आणखी चिवट होणारा धातू: हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातूंची भानगड नेमकी काय आहे

डिसेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक पेपर आला आणि तेव्हापासून "जगातला सगळ्यात चिवट पदार्थ सापडला" अशा मथळ्याची बातमी अधूनमधून नव्याने फिरत असते. बातमीत एवढंच असतं की क्रोमियम, कोबाल्ट आणि निकेलचा, 'हाय-एन्ट्रॉपी' म्हणतात त्या घराण्यातला एक मिश्रधातू आहे, तो उणे २५३ अंश सेल्सिअसला तपासला तर कल्पनेपलीकडे चिवट निघाला. मग साहजिकच डोक्यात येतं, की थंडीत तर धातू ठिसूळ होतात ना, हा उलटा कसा काय वागतो? आणि इतका भारी आहे तर सगळीकडे तोच का नाही वापरत? या दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत, पण त्यासाठी धातूच्या आत थोडं डोकवावं लागेल.

मजबूत वेगळं, चिवट वेगळं

आपण बोलताना दोन्ही एकाच अर्थाने वापरतो पण इथे फरक धरून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मजबुती म्हणजे धातूला किती जोर लावला की तो कायमचा वाकतो किंवा तुटतो. ही मोजतात मेगापास्कलमध्ये, आणि एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. चिवटपणा म्हणजे वस्तूत आधीच एखादी भेग असेल तर ती पुढे सरकायला धातू किती विरोध करतो. याचं एकक जरा विचित्र आहे, मेगापास्कल रूट मीटर, पण ते सोडा, नुसते आकडे बघा: सिलिकॉनचा चिवटपणा १ च्या आसपास, प्रवासी विमानाच्या सांगाड्यातल्या ॲल्युमिनियमचा साधारण ३५, आणि अनेक मजबूत पोलादांचा १०० च्या घरात.

खरी गोम ही की या दोन गुणांचं एकमेकांशी पटत नाही. धातू जास्त मजबूत करायला जावं तर बहुतेक वेळा चिवटपणा घटतो. सिरॅमिक बघा, दाबाखाली जबरदस्त, पण एक बारीक चीर पडली की संपलं. अभियंते इतकी वर्षं या दोघांमध्ये तडजोडच करत आलेत.

थंडीत पोलाद फुटतं का?

फुटतं, आणि त्याची किंमत मोजलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने हजारो जहाजं वेल्डिंग करून बांधली, त्यातल्या अनेकांना तडे गेले, काही तर चक्क दोन तुकडे झाली. जानेवारी १९४३ मध्ये 'स्कनेक्टडी' नावाचं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्यालाच उभं असताना मधोमध फाटलं, ना वादळ ना टॉर्पेडो. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की नुसत्या वेल्डिंगला दोष देऊन चालणार नाही, ते पोलादच ठरावीक तापमानाच्या खाली ठिसूळ होत होतं.

असं का होतं? धातूत अणू ओळीने रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. पसरलेली मोठी सतरंजी जागेवरून हलवायची असेल तर आपण सगळी ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो, मग सतरंजी आपोआप थोडी सरकते. धातूतल्या या सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात. डिसलोकेशन सहज हलत असतील तर धातू वाकतो, पसरतो, भेगेच्या टोकाशी साठलेला ताण वाटला जातो. ती अडकली की ताणाला दुसरीकडे जायला वाट नाही, मग भेगच पुढे पळते.

आता साध्या पोलादातली अणूंची रचना अशी असते की डिसलोकेशन हलायला तिला अणूंच्या थरथरीची मदत लागते, म्हणजे उष्णतेची. या रचनेला बीसीसी म्हणतात. तापमान खाली गेलं की थरथर कमी, मदत कमी, डिसलोकेशन जागच्या जागी, आणि पोलाद फुटतं. दुसरी एक रचना आहे, एफसीसी, तांबं, ॲल्युमिनियम, निकेल यांची. हिच्यात अणू जास्त दाट बसलेले असतात आणि डिसलोकेशनला सरकायला गुळगुळीत थर मिळतात, त्यामुळे थंडीतही काम चालू राहतं. म्हणजे "थंडीत धातू ठिसूळ होतात" हे सरसकट खरं नाहीच, ते रचनेवर अवलंबून आहे.

मग पाच धातू सारखे मिसळायचं डोक्यात आलं कुणाच्या

मिश्रधातू बनवायची जुनी रीत म्हणजे एक मुख्य धातू घ्यायचा आणि बाकीचे थोडे थोडे टाकायचे. पोलादात लोखंड मालक, बाकी सगळे पाहुणे. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ ब्रायन कँटर यांनी १९८० च्या आसपास आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर उलटं करून बघितलं, कुणीच मालक नाही, सगळे समान वाटेकरी. त्यांनी तर एकदा २० मूलद्रव्यं एकत्र वितळवली, प्रत्येकी ५ टक्के, आणि जे व्हायचं तेच झालं, वेगवेगळ्या रचनांची खिचडी आणि ठिसूळ. पण त्या खिचडीत एक भाग असा सापडला जो नुसता एफसीसी होता, आणि त्यात मुख्यतः क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल भरलेलं होतं. मग हेच पाच प्रत्येकी २० टक्के घेऊन मिश्रधातू केला तर तो एकसंध, एकाच रचनेचा निघाला. आज त्याला कँटर मिश्रधातू म्हणतात. हे प्रसिद्ध व्हायला मात्र २००४ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तैवानमध्ये यीह जिएन-वेई यांनीही स्वतंत्रपणे याच कल्पनेवर काम छापलं, 'हाय-एन्ट्रॉपी' हे नाव त्यांचं.

एन्ट्रॉपी म्हणजे इथे अणूंच्या मिसळणीतला गोंधळ. जितकी जास्त मूलद्रव्यं आणि जितके सारखे वाटे, तितका गोंधळ जास्त. यीह यांचं म्हणणं असं की हा गोंधळच मिश्रणाला एकत्र धरून ठेवतो, वेगवेगळे तुकडे पडू देत नाही. ऐकायला छान आहे, पण यावर मला खाली थोडं भांडायचं आहे.

खोलीच्या तापमानाला: चांगला, पण डोळे दिपतील असं काही नाही

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली आणि ओक रिज प्रयोगशाळांच्या संशोधकांनी, त्यात रॉबर्ट रिची आणि ईझो जॉर्ज ही नावं या विषयात सतत भेटतात, कँटर मिश्रधातूचे नीट मोजलेले आकडे दिले. खोलीच्या तापमानाला तो ४१० मेगापास्कलला कायमचा वाकायला लागतो, ७६० च्या आसपास त्याची ताण सहन करायची कमाल होते, आणि तुटेपर्यंत मूळ लांबीच्या निम्म्याहून जास्त ताणला जातो. चिवटपणा २१७. उत्तम आकडे आहेत, पण मजबुतीत याच्या दुप्पट-तिप्पट पोलादं बाजारात सहज मिळतात हेही खरं. आणि हे आकडे बारीक कणांच्या नमुन्याचे (धातू आतून छोट्या छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो, तेच हे कण), कणांचा आकार सुमारे सहा मायक्रॉन, कण मोठे केले की मजबुती खाली येते. त्यामुळे कुणी नुसतं "हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातूची मजबुती इतकी" असा एकच आकडा फेकला तर आधी कणांचा आकार विचारायचा.

उणे १९६ अंशांना खेळ बदलतो

तोच नमुना द्रव नायट्रोजनमध्ये घातला. आता वाकायला ७५९ मेगापास्कल लागले, कमाल गेली १२८० वर. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट मजबूत. इथपर्यंत आश्चर्य नाही, थंडीत बहुतेक धातू मजबूत होतात. पण ताणलं जाणं घटण्याऐवजी वाढून ७० टक्क्यांवर गेलं, आणि चिवटपणा २१९, म्हणजे होता तिथेच. मजबुती एवढी वाढूनही चिवटपणाला धक्का नाही ही गोष्ट धातुशास्त्रात रोज बघायला मिळत नाही.

कारण शोधलं तर सापडलं ट्विनिंग. डिसलोकेशन सरकणं हा वाकायचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा की कणाचा एक पातळ पट्टा अख्खा वळतो आणि बाजूच्या रचनेची आरशातली प्रतिमा होऊन बसतो, त्या पट्ट्याला ट्विन म्हणतात. असे पट्टे पडले की एका कणाचे आतल्या आत अनेक छोटे कप्पे होतात, डिसलोकेशनच्या वाटेत नव्या भिंती उभ्या राहतात, धातू ताणता ताणता कडक होत जातो. आणि कडक होत राहणंच महत्त्वाचं आहे, कारण ताणलेली सळई एखाद्या ठिकाणी बारीक व्हायला लागली की ती तिथेच तुटते, पण बारीक होणारी जागा लगेच जास्त कडक झाली तर ताण शेजारच्या भागावर जातो आणि सगळी सळई सारखी ताणली जाते.

मग खोलीच्या तापमानाला ट्विन का पडत नाहीत? पडतात, पण उशिरा. कँटर मिश्रधातूत ट्विन पडायला सुमारे ७२० मेगापास्कल ताण लागतो आणि हा आकडा तापमानाबरोबर फारसा बदलत नाही. खोलीच्या तापमानाला तिथवर पोचायला धातू २५ टक्क्यांच्या आसपास ताणावा लागतो, तोवर अर्धी गोष्ट संपलेली असते. द्रव नायट्रोजनमध्ये धातू मुळातच जास्त ताण घेतो, त्यामुळे सात-साडेसात टक्क्यांनाच ७२० गाठतो आणि उरलेला सगळा वेळ ट्विन कामाला लागलेले असतात. एवढंच आहे बघा, थंडीने धातूत काही नवीन जादू घातली नाही, आधीपासून असलेला दुसरा मार्ग लवकर उघडला.

आणि ती बातमीवाली परीक्षा, २० केल्विनला

२० केल्विन म्हणजे उणे २५३ अंश, द्रव हायड्रोजन ज्या तापमानाला उकळतो ते. इथे नमुना थंड ठेवून त्यात मोजून भेग पाडणं आणि ती हळूहळू वाढताना बघणं हेच मोठं जिकिरीचं काम आहे. चिवटपणाचा निकाल असा: पाच धातूंचा कँटर मिश्रधातू २६२, आणि क्रोमियम-कोबाल्ट-निकेल, फक्त तीन धातूंचा, ४५९. शिवाय तीन धातूंच्या नमुन्यात भेग सव्वादोन मिलिमीटर वाढल्यावर चिवटपणा ५४० च्या वर गेला, म्हणजे भेग जितकी पुढे सरकेल तितका धातू तिला जास्त अडवतो. याच तीन धातूंच्या मिश्रधातूचा आधी मोजलेला चिवटपणा खोलीच्या तापमानाला २०८ आणि द्रव नायट्रोजनमध्ये २७३ होता, त्यामुळे थंडीबरोबर चढत जाणारी रेषा स्पष्ट दिसते.

भेगेच्या टोकाशी सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं हे या सगळ्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. अणूंच्या थरांचा क्रम जागोजागी चुकलेला, म्हणजे ज्याला स्टॅकिंग फॉल्ट म्हणतात ते, त्यांच्या जोडीला अतिशय बारीक ट्विन, आणि काही ठिकाणी तर एफसीसी रचना बदलून षटकोनी रचनाच झालेली. एक मार्ग पुरेना झाला की पुढचा. या सगळ्यांच्या सीमांची गंमत म्हणजे त्या डिसलोकेशनला अडवतातही आणि काहींना पलीकडे जाऊही देतात. नुसतं अडवलं असतं तर ताण साठून फूट पडली असती, नुसतं जाऊ दिलं असतं तर धातू मऊ राहिला असता.

हे मार्ग इथेच का उघडतात? कारण या मिश्रधातूंत थरांचा क्रम चुकवायला लागणारी ऊर्जा फार कमी आहे, आणि तापमान घटलं की चुकलेला क्रम धातूला आणखी स्वस्तात पडतो.

म्हणजे ही एन्ट्रॉपीची कमाल ना?

नाही, निदान नावात दिसते तेवढी नाही. पहिली गोष्ट म्हणजे एन्ट्रॉपीचा परिणाम तापमानाबरोबर वाढतो, तिचा जोर चालतो तो भट्टीजवळ. आणि या धातूंचं नाव झालं कडाक्याच्या थंडीत, जिथे तिचा जोर सगळ्यात कमी! थंडीत मिश्रण एकसंध राहतं ते अणूंना जागेवरून हलायलाच ताकद उरत नाही म्हणून, वरून खाली येताना जसे होते तसे गोठून बसतात.

दुसरी गोष्ट, कँटर मिश्रधातूतलं एकेक मूलद्रव्य काढून त्याच्यासारखं दुसरं घालून बघितलं, एन्ट्रॉपी तेवढीच, तरी बदललेल्यांपैकी एकही एकसंध राहिला नाही. आणि खुद्द मूळ मिश्रधातू ५०० अंश सेल्सिअसला ५०० दिवस ठेवला तर त्यातही वेगळ्या रचनेचे कण फुटून निघाले. तिसरं तर समोरच आहे, तीन धातूंचा मिश्रधातू पाचापेक्षा सरस निघाला, आणि व्याख्येप्रमाणे तो 'हाय' सुद्धा नाही, 'मीडियम'मध्ये मोडतो. माझ्या मते नाव चिकटलं म्हणून चालवायचं, श्रेय मात्र एफसीसी रचना आणि स्वस्तात चुकणाऱ्या थरांना द्यायचं. वेगवेगळ्या आकाराचे अणू दाटीने बसल्यामुळे डिसलोकेशनची वाट खडबडीत होते आणि त्यातून मजबुती येते, तो मिसळणीचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही.

पण स्टेनलेस स्टीलही एफसीसी असतं की, मग यात नवीन काय

रास्त शंका. ३०४ आणि ३१६ जातीची स्टेनलेस स्टीलं एफसीसीच आहेत, द्रव वायूंच्या टाक्यांत ती कधीपासून वापरली जातात, आणि त्यांचा चिवटपणाही २०० च्या पुढे जाऊ शकतो. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना साठवायला ९ टक्के निकेलचं पोलाद आहे. स्टेनलेसमधली काही स्टीलं तर थंडीत ताणली की रचना बदलतात, म्हणजे युक्ती अगदीच अनोखी नाही. नवीन आहे ते इतकंच, की २० केल्विनपर्यंत खाली जाताना मजबुती आणि चिवटपणा दोन्ही हातात राहतात, आणि ४५९ हा आकडा खरोखर वेगळ्या पातळीवरचा आहे. "पोलादाला कुणी बाप भेटला" अशा थाटात मात्र ते वाचू नका, हे स्टेनलेसच्याच घराण्यातले हुशार भाऊबंद आहेत.

सगळेच हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातू असे थंडीप्रेमी?

अजिबात नाही. २०१० च्या सुमारास नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटलम, टंगस्टन अशा उच्च तापमानाला वितळणाऱ्या धातूंचे असेच समसमान मिश्रधातू तयार झाले. ते १६०० अंशांनाही तग धरतात, पण रचना बीसीसी, त्यामुळे खोलीच्या तापमानालाच ठिसूळ. हाफ्नियम, टायटॅनियम, झिरकोनियम घालून त्यातले काही ताणले जातील असे करता येतात, तरी स्वभाव वेगळाच. एफसीसीवाल्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम वाढवत नेलं तरी रचना बीसीसीकडे झुकते, कडकपणा वाढतो आणि ताणलं जाणं संपतं.

आणखी खाली, ४ केल्विनला

द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंशांना, ताण-लांबीचा आलेख सरळ चढत नाही, करवतीच्या दातांसारखा झटके देत जातो. धातू अडतो, एकदम थोडा सरकतो, परत अडतो. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की इतक्या थंडीत धातूला गरम व्हायला नाममात्र उष्णता पुरते, त्यामुळे एके ठिकाणी थोडं सरकलं की तीच जागा क्षणभर तापते, मऊ होते आणि आणखी सरकते. दुसरं स्पष्टीकरण, अडलेली डिसलोकेशन एकदम झुंडीने सुटतात. वाद मिटलेला नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही असे झटके दिसतात, त्यामुळे हे या मिश्रधातूंचं खास व्यंग नाही, पण महासंवाहक चुंबकांचे आधार वगैरे बनवायचे तर डिझाइन करणाऱ्याला हे झटके हिशेबात धरावे लागतात.

मग वापरात का नाही?

पहिलं कारण पैसा. कोबाल्ट आणि निकेल दोन्ही महाग, आणि जगातलं अर्ध्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतं, त्यात बॅटरीवाले आधीच रांगेत उभे. ज्यात तीनातला एक वाटा कोबाल्ट आहे त्याचा पूल बांधायचा विचारसुद्धा कुणी करणार नाही. दुसरं, वजन. घनता पोलादाएवढीच, त्यामुळे जिथे हलकेपणा हवा तिथे ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम सुखात आहेत. तिसरं, खोलीच्या तापमानाला मजबुती मध्यम, म्हणजे रोजच्या वापरात याचा खास गुण दिसणारच नाही. आणि चौथं, प्रयोगशाळेत एक छोटा तुकडा उत्तम निघणं आणि मीटरभर जाडीची वस्तू तशीच निघणं यात फार अंतर आहे, वेल्डिंगचा जोड, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पडणारा ताण, हे सगळं तपासून मान्यता मिळायला वेळ लागतो. शिवाय द्रव हायड्रोजनच्या टाकीची गोष्ट निघते तेव्हा एक फरक सुटतो: २० केल्विनची परीक्षा थंडीची होती, हायड्रोजनच्या संपर्काची नव्हती. हायड्रोजन धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो तो प्रकार वेगळा, त्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

त्यामुळे संशोधक आता समसमान वाट्याचा हट्ट सोडायला लागलेत. २०१६ मध्ये लोखंड ५० टक्के, मँगनीज ३०, आणि कोबाल्ट व क्रोमियम फक्त दहा-दहा टक्के असा मिश्रधातू आला, त्यात निकेल नाहीच. ताणल्यावर त्याचीही रचना एफसीसीतून षटकोनी होते आणि मजबुती व ताणलं जाणं दोन्ही वाढतात. यात लोखंड पुन्हा मालक आहे, म्हणजे फिरून पोलादाच्याच दारात आलो, फक्त या वेळी थरांचा क्रम किती स्वस्तात चुकवायचा हे आधी ठरवून मग घटक निवडलेले.